केसपेपर कुणाचा?

१८९२ साली ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वेड्यांच्या इस्पितळांत जे भरती झाले, त्यांतल्या २२२ जणांच्या नावापुढे ‘वेडाचं कारण’ या रकान्यात गांजा, भांग किंवा चरस लिहिलेलं होतं. पुढे हेम्प ड्रग्ज कमिशन बसलं. त्याने हे कागद एकेक करून उलटले, मूळ गावी चौकशी करवली, आणि २२२ मधले जेमतेम ९८ टिकले. मग बाकीच्यांचा गांजा आला कुठून? बराचसा पोलिसांच्या कागदातून. वेडा सापडला की त्याच्याबरोबर एक तक्ता भरून पाठवावा लागे: नाव, जात, धर्म, धंदा, वेडाचं कारण. कारण ठाऊक नसलं तरी रकाना रिकामा कसा ठेवायचा? मग गांजा. इस्पितळातला कारकून तेच आपल्या रजिस्टरात उतरवून घेई, आणि वर्षाअखेर ते सरकारी अहवालात छापून येई.

मी पुण्यात दोन खोल्यांत समुपदेशन करते. माझ्या व्यवसायाचं आपल्याकडचं पहिलं दप्तर म्हणून मी याच तक्त्याकडे बघते. आम्ही शिकताना फ्रॉइडपासून सुरुवात केली. त्याची व्हिएन्नातली खोली, कोच, दारापर्यंत पसरलेले गालिचे. ते सगळं खरं, पण ते तिथलं. इथे माणसाच्या मनाची पहिली व्यवस्थित लेखी नोंद मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने झाली. १८५८ च्या कायद्यात तशी तरतूद होती, १९१२ च्या लुनसी अ‍ॅक्टने ती पक्की केली. कुलाबा, रत्नागिरी, ठाणे, येरवडा, कुठलंही इस्पितळ घ्या, कागदाचा प्रवास ठरलेला: ठाण्यातून कचेरीत, कचेरीतून सुपरिंटेंडेंटकडे, तिथून मुंबई सरकारकडे. ज्याच्याबद्दल तो कागद होता त्याच्या हातात तो पडायचा प्रसंगच नव्हता. आणि हे फार जुनं आहे असं समजू नका. १९१२ च्या कायद्याची जागा घेणारा कायदा १९८७ साली झाला आणि अमलात यायला १९९३ उजाडलं. माझं एम.ए. झालं तेव्हा १९१२ चाच चालू होता.

सरकारी दप्तराच्या आधी काही नव्हतं का? होतं. चरकसंहितेच्या विमानस्थानात शिष्याला घालायच्या अटी आहेत. वैद्याने रोग्याच्या घरी ओळखीच्या माणसाबरोबर, परवानगी घेऊन, खाली मान घालून जावं. आत गेल्यावर लक्ष रोग्यावर ठेवावं. आणि त्या घरातल्या गोष्टी बाहेर नेऊ नयेत. व्याख्यानांतून हे अभिमानाने सांगितलं जातं, आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच गोपनीयता होती म्हणून. मला त्यात दुसरंच दिसतं. इथे राखायचं आहे ते घराचं गुपित. सुनेने वैद्याला सांगितलेलं सासूला कळू नये, असा काही त्याचा रोख नाही. आजही माझ्याकडे पहिला फोन येतो तो बहुधा आईचा, नवऱ्याचा नाहीतर मोठ्या भावाचा. ‘मॅडम, तिला सांगू नका मी फोन केला होता. आणि ती काय म्हणाली ते तेवढं मला कळवा.’ यात त्यांना काही वावगं वाटत नाही. गुपित घराचं आहे, आणि घर म्हणजे तेच.

सरकार आणि घर यांच्या मधे दवाखाना उभा राहिला तो १९३० नंतर. गिरींद्रशेखर बोस यांनी १९३३ मध्ये कलकत्त्याच्या आर. जी. कार रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग काढला. १९३८ मध्ये डॉ. के. आर. मसानींनी मुंबईत जे. जे.ला. मॅजिस्ट्रेटची चिठ्ठी न घेता, साध्या तापाच्या रोग्यासारखं रांगेत उभं राहून मनाचं दुखणं सांगता येऊ लागलं. हा बदल मोठा होता. पण खासगीपणा त्यातही नव्हता. मी शिकाऊ असताना पाहिलेली मुंबईची ओपीडी अशी: एक लांब टेबल, दोन बाजूंना दोन डॉक्टर, मागे विद्यार्थ्यांची रांग, पेशंटच्या शेजारी नातेवाईक आणि नातेवाइकाच्या मागे पुढच्या नंबरचा पेशंट. ‘झोप लागते का? मरावंसं वाटतं का?’ हे प्रश्न पंधरा माणसांच्या देखत. केसपेपर मात्र पेशंटचाच. तो त्याच्याबरोबर घरी जायचा आणि रेशन कार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जाऊन बसायचा. म्हणजे रोग्याच्या हातात कागद आला, पण पिशवी घराची. एका बाईने तो पिठाच्या डब्यात लपवलेला मी पाहिलाय. घडीच्या रेषांत पीठ बसून अक्षरं पुसट झाली होती आणि डॉक्टर ती झटकून वाचत होते.

महाराष्ट्रात अगदी एकट्याने, घराला न कळवता, मनातलं विचारायची सोय त्याआधी कुणी केली असेल तर ती एका गणिताच्या प्राध्यापकाने. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक. १९५३ मध्ये जाईपर्यंत त्यांनी ते चालवलं. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं असत. मला या व्यवहाराचं नेहमी अप्रूप वाटतं. प्रश्न विचारणाऱ्याला डॉक्टरसमोर बसायचं नाही, डोळ्याला डोळा द्यायचा नाही. तिकीट लावायचं आणि पेटीत टाकायचं. डिसेंबर १९३३ च्या अंकातल्या अशा उत्तरांवरून, हस्तमैथुन आणि समलिंगी आकर्षणाबद्दलच्या, कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. लोक अशा शंका विचारतात तर त्यांना उत्तर मिळालंच पाहिजे, नुसता विषय लैंगिक आहे म्हणून लेखन अश्लील ठरत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. खटला हरले, १९३४ मध्ये कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. या खटल्याबद्दल लिहिणारे आविष्कारस्वातंत्र्याबद्दल लिहितात, आणि ते बरोबरच आहे. पण माझ्या व्यवसायाच्या बाजूने बघितलं तर पिंजऱ्यात उत्तर देणारा होता, विचारणारे नव्हते. उत्तराची किंमत उत्तर देणाऱ्याने मोजली. आमच्या शपथांत याहून जास्त काही नसतं.

कायद्याने मात्र आम्हाला असा पिंजरा टाळायची मुभा कधीच दिली नाही. १८७२ च्या पुरावा कायद्यात अशिलाने वकिलाला सांगितलेलं कलम १२६ ने बंद, नवराबायकोने एकमेकांना सांगितलेलं कलम १२२ ने बंद. डॉक्टरला सांगितलेलं? त्यासाठी कलमच नाही. जुलै २०२४ पासून त्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, कलमांचे आकडे बदलले, वकील आणि नवराबायको आपापल्या जागी राहिले, आणि आम्ही जिथे होतो तिथेच, म्हणजे बाहेर. अमेरिकेत १९९६ मध्ये जॅफी विरुद्ध रेडमंड या निकालाने मनोपचारकाशी झालेल्या बोलण्याला संरक्षण मिळालं. आपल्याकडे २००३ च्या शारदा विरुद्ध धर्मपाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की वैवाहिक दाव्यात न्यायालय मानसिक तपासणीचा हुकूम करू शकतं, आणि नकार दिला तर त्यातून प्रतिकूल अर्थ काढू शकतं. हिंदू विवाह कायद्यात मनोविकार हे घटस्फोटाचं कारण आहे, हे शिवाजीनगरच्या कुटुंब न्यायालयात चकरा मारणाऱ्या कुणालाही विचारा. समुपदेशकाची फाईल तिथे सोन्याच्या भावाने जाते.

अशा कायद्याखाली माझ्या आधीच्या पिढीने काय केलं? त्यांनी लिहिणंच कमी केलं.

माझे सर सदाशिव पेठेत मानसोपचाराचा दवाखाना चालवत. कोकणातल्या शाळेत ते मोडी शिकले होते आणि पेशंटच्या नोंदी मोडीत ठेवत, लाल बांधणीच्या आडव्या खतावण्यांत. नाव कधीच नाही, नुसता नंबर. नंबर आणि नाव जुळवणारी छोटी वही वेगळी, ती दवाखान्यात कधी राहायची नाही. संध्याकाळी सदऱ्याच्या खिशातून घरी. आज परदेशी नियमावल्यांत या पद्धतीला भारदस्त नाव आहे. सरांना ती सावकाराच्या वह्यांवरून सुचली होती असं ते सांगायचे. काही गोष्टी त्या मोडीतही नसत. भारतीय दंड विधानाच्या ३०९ कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा होता, म्हणून तसा प्रयत्न झालेल्या पेशंटच्या पानावर समासात एक टिंब. ३७७ कलमामुळे पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाच्या पानावर काहीच नाही, टिंबसुद्धा नाही. ‘ते मला लक्षात राहतं’, म्हणायचे. मानसिक आरोग्याच्या कायद्याने २०१८ मध्ये ३०९ बोथट केलं, त्याच वर्षी सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ काढून टाकलं. सर ते बघायला नव्हते.

ते गेल्यावर त्यांच्या मुलाने मला बोलावलं. कपाटभर खतावण्या. ‘ताई, ह्यांचं काय करायचं? नाहीतरी कुणाला वाचता येणार नाही.’ मी म्हटलं, अरे, हे पुणं आहे. इथे मोडी वाचणारे पेठेपेठेत सापडतात, इतिहास संशोधक मंडळाच्या पायरीवर उभं राहून नुसती हाक मारलीस तरी दोघे येतील, आणि वाचून झाल्यावर टीपा लिहितील. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरने भरती रोग्याचे कागद तीन वर्षं जपायचे असतात. ही पानं त्याच्या कितीतरी पुढची. मागच्या अंगणात बंब होता. पुठ्ठे आधी फाडले, कारण कापडी बांधणी धूर फार करते. छोटी वही सगळ्यात शेवटी घातली. सरांच्या बायकोने तेवढ्या पाण्याने आंघोळ केली आणि म्हणाली, ह्यांच्या पेशंटांनी पहिल्यांदा माझ्यासाठी काही केलं.

कागद जाळून भागायचे दिवस तेव्हाच संपत आले होते. कारण गुपित आता फाईलमधून फुटत नाही, फाईलच्या आजूबाजूने फुटतं. पूर्वी फुटायचं ते पाटीवरून. म्हणून कित्येक मानसोपचारतज्ज्ञ पाटीवर ‘मेंदू व मज्जातंतू’ असं काहीतरी लिहीत, जिना चढणाऱ्याला डोकेदुखीचं निमित्त सांगता यावं म्हणून. मग औषधाच्या दुकानातून. गल्लीतल्या मेडिकलवाल्याला गोळीचं नाव दिसलं की घरातलं सगळं दिसतं, त्यामुळे कोथरूडची माणसं गोळ्या हडपसरहून आणत. २०१४ पासून त्यात भर पडली: एच-वन यादीतल्या औषधांसाठी, आणि त्यात झोपेच्या नि घबराटीच्या गोळ्याही आल्या, दुकानदाराने रोग्याचं नाव, डॉक्टरचं नाव आणि गोळ्यांची संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहून तीन वर्षं ठेवायची. नियम प्रतिजैविकांच्या बेसुमार वापरासाठी आणि नशेसाठी गोळ्या घेणाऱ्यांसाठी गरजेचा, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण काउंटरवर उघडी पडलेली ती वही पाहिली की मला १८९२ चा रकाना आठवतो.

माझ्या स्वतःच्या इमारतीत गेटवर वही आहे. नाव, मोबाइल, कुणाकडे, कशासाठी. पहिली कितीतरी वर्षं माझे सगळे क्लायंट तिथे ‘कशासाठी’ खाली काय लिहीत होते हे मला ठाऊकच नव्हतं. एकदा सहज पाहिलं: ‘शिकवणी’, ‘पार्सल’, ‘एलआयसी’, ‘शिकवणी’, ‘नातेवाईक’. त्यांची त्यांनी सोय केली होती. वॉचमन काकांशी बोलून माझ्या मजल्यापुरती ती ओळ बंद केली. मग फोनवर अनोळखी नंबराचं नाव दाखवणारी अ‍ॅप आली. कुणीतरी माझा नंबर ‘काउन्सेलर मॅडम’ म्हणून साठवला आणि मी कुणालाही फोन केला की त्याच्या घरच्यांना तेच दिसू लागलं. आता मी आपण होऊन फोन करत नाही. एका मुलीने मला ‘ब्लाउज शिवणाऱ्या काकू’ म्हणून ठेवलंय. तिची सासू मला दिवाळीत मापाबद्दल विचारते. फी पूर्वी पाकिटातून यायची, आता यूपीआयने येते, आणि जोडखात्याच्या उताऱ्यावर माझं नाव दर गुरुवारी ठळक उमटतं. यावर उपाय रोख, आणि रोख म्हटलं की लोकांना वाटतं बाई कर चुकवते. पावती मी देते. पावतीवर ‘सल्ला फी’ एवढंच.

गुपित किती राखायचं, हा प्रश्न त्याहून अवघड. कॅलिफोर्नियात १९६९ मध्ये बंगालमधून शिकायला गेलेल्या एका विद्यार्थ्याने आपल्या उपचारकाला सांगितलं होतं की तो एका मुलीला मारणार आहे. उपचारकाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला धरून सोडून दिलं. मुलीला कुणीच सांगितलं नाही, आणि त्याने तिला मारलं. १९७६ मध्ये तिथल्या न्यायालयाने तारासॉफ निकालात ठरवलं, की ज्याला धोका आहे त्याला वाचवायची जबाबदारी उपचारकावरही येते. आपल्याकडे हा अपवाद २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या २३ व्या कलमात आला. मुलांवरच्या अत्याचाराबाबत पॉक्सोने २०१२ पासून मुभाच ठेवलेली नाही. कळलं की कळवायचं. हे दोन्ही मी पहिल्या भेटीत, पहिल्या दहा मिनिटांत सांगते. ते ऐकून उठून गेलेली माणसंही आहेत.

तो २०१७ चा कायदा मात्र खराच नवा. आजाराची, उपचारांची माहिती गोपनीय ठेवून घेण्याचा हक्क २३ व्या कलमाने थेट माणसाला दिला. २४ ने त्याचा फोटो आणि माहिती त्याच्या संमतीशिवाय माध्यमांत द्यायला बंदी केली आणि संगणकातल्या माहितीलाही तेच लावलं. २५ ने स्वतःचे उपचाराचे कागद मागायचा हक्क दिला. १८५८ पासून पहिल्यांदा रोगी कागदाच्या मालकाच्या जवळपास पोचला. जवळपास म्हणते, कारण माहिती नामनिर्देशित प्रतिनिधीला देता येते. असा प्रतिनिधी तुम्ही आधी नेमलेला नसेल तर क्रम नातेवाइकाकडे वळतो. घर मागच्या दाराने परत आलंच.

संगणकाबद्दल आम्ही मंडळी आधी फारच भाबडी होतो. फिनलंडमध्ये व्हास्तामो नावाची खासगी मानसोपचार केंद्रांची साखळी होती. तिच्या रुग्णांच्या डेटाबेसचं दार इंटरनेटवर उघडं होतं आणि मुख्य खात्याला पासवर्ड नव्हता. चोराने आधी कंपनीकडे खंडणी मागितली, मग ऑक्टोबर २०२० मध्ये एकेका रुग्णाला मेल केली: दोनशे युरो बिटकॉइनमध्ये भरा, उशीर केलात तर पाचशे, नाहीतर तुम्ही खोलीत काय बोललात ते सगळ्यांना वाचायला मिळेल. सुमारे ३३ हजार माणसांच्या नोंदी, सत्रागणिक. कंपनी बुडाली, चोराला २०२४ मध्ये सहा वर्षं तीन महिने शिक्षा झाली. ही बातमी आली त्या आठवड्यात माझ्या ओळखीच्या अर्ध्या समुपदेशकांनी पासवर्ड बदलले. उरलेल्यांच्या नोंदी व्हॉट्सअ‍ॅपवर होत्या.

आपल्याकडे २०११ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत मानसिक आरोग्याची माहिती ‘संवेदनशील’ म्हणून वेगळी काढली होती, आणि एकट्याने व्यवसाय करणाराही त्या कायद्याच्या कक्षेत येत होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यात तो वेगळा वर्ग उरलेला नाही. तुमचा पिनकोड आणि तुमचं नैराश्य एका पंक्तीला. संमती, सुरक्षितता, चोरी झाली तर कळवणं, हे सगळं आहे आणि ते हवंच होतं. पण ही वर्गवारी उडवली ते मला पटलेलं नाही. आणि हा कायदा फक्त डिजिटल माहितीला लागू. सरांच्या खतावण्या त्याच्या कक्षेतच येत नाहीत. मी अजून कागदावर लिहिते, पोलादी कपाटात ठेवते, भेटीची वेळ ज्या फोनमध्ये टाकते त्यात फक्त आद्याक्षर.

मागच्या वर्षी एका बाईने २५ व्या कलमाचा आधार घेऊन आपली फाईल मागितली. मी तिच्यासमोर बसून ती वाचायला दिली. मधे ती थांबली. ‘हे खरंय ताई, पण हे माझं नाही. हे माझ्या दिराचं आहे.’ दिराचं दारूचं व्यसन, त्याची सुटलेली नोकरी, त्याने एकदा खाल्लेल्या गोळ्या. ती बोलली होती, मी लिहिलं होतं, आणि त्या माणसाला मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. आमच्या फाईली अशाच असतात. पाश्चात्त्य नमुन्यातला अर्ज एका माणसाचा, पण इथे एक माणूस बोलायला लागला की चुलत्यापुतण्यांसकट अख्खं घर बोलतं, आणि त्या बाकीच्यांची सही कुठेच नसते. नोंद मला खोडता येणार नव्हती, तिलाही ते नको होतं. मी मूळ पान तसंच ठेवलं आणि तिला द्यायच्या प्रतीत दिराच्या ओळी झाकल्या, तिच्या संमतीने, समासात तसं लिहून. पुढच्या क्लायंटपासून मी बाकीच्या नातेवाइकांचं वेगळ्या पानावर लिहायला लागले. ती प्रत तिला वकिलाकडे द्यायची होती. कुटुंब न्यायालयातली तारीख सोमवारची होती.